भेग कंपनीला भीत नाही

पुण्यातल्या विश्रांतवाडी, टिंगरेनगर, कळस, धानोरी या पट्ट्यात तीस-चाळीस वर्षं जुनी घरं आता बरीच झाली आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक सल्लाही चांगला मुरला आहे. सोसायटीच्या सभेत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर, नातेवाइकांच्या फोनवर तो हमखास मिळतो. घराला भेग गेली, जोत्याला ओल आली, गच्ची गळू लागली, तर लोकल गवंड्याला हात लावू देऊ नका. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण कंपनी बोलवा. त्यांच्याकडे मशिनं असतात, लेखी गॅरंटी असते, बिल असतं. गवंड्याचं काय, आज आहे आणि उद्या फोन बंद.

हा सल्ला देणारे मूर्ख नसतात. बहुतेकांचे हात एकदा पोळलेले असतात, म्हणून ते ताकही फुंकून पितात. पण पोळलं कशानं, हे त्यांनी नीट पाहिलेलं नसतं. दुरुस्ती फसते ती कारागीर लोकल होता म्हणून नव्हे. बिघाड कुठे आहे हे सांगणारा आणि त्यावरचा इलाज विकणारा एकच माणूस असतो, म्हणून फसते. औषधाच्या दुकानदाराकडूनच नाडी तपासून घ्यायची आणि मग बिल फुगलं म्हणून ओरडायचं, असा हा प्रकार. तो दुकानदार चौकात घमेलं घेऊन उभा आहे की टॅब्लेट हातात घेऊन सोफ्यावर बसला आहे, यानं फार फरक पडत नाही.

आधी भेगेचंच बघू. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या बारीक रेषा सिमेंट सुकताना आकसल्याच्या असतात. पाणी कमी मारलं गेलं एवढाच त्यांचा अर्थ. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खालून आडवी धावणारी भेग बहुधा उन्हानं स्लॅब ताणला-आकसल्याची असते. कॉलम आणि विटेची भिंत जिथे मिळतात तिथली उभी भेग दोन वेगळ्या मालांच्या सांध्याची. प्लास्टरच्या आत चिकन मेश मारायची राहून गेलेली असते. कॉलमच्या अंगानं सरळ उतरणारी, तांबूस डाग दाखवणारी भेग मात्र आतली सळई गंजल्याची खूण, तिला हसण्यावारी नेऊ नये. आणि खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्या-सांध्यांनी पायऱ्यांसारखी तिरकी चढणारी, एका टोकाला रुंदावत गेलेली भेग दिसली, की मग पायाचा विचार करायचा. तोही लगेच खणायला घेण्याइतका नाही. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवायची, दोन्ही टोकं भिंतीला पक्की, शेजारी पेन्सिलीनं तारीख. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा. काच तडकली तर भेग अजून चालू आहे. शाबूत राहिली तर भिंतीला बसायचं तेवढं ती बसून झाली आहे, नीट भरून रंग मारला की संपलं. भेग वेगानं रुंदावत असेल, दारं अडकू लागली असतील, तर अर्थात वाट पाहायची नाही. पण काचेच्या पट्टीत कोणाचाच नफा नाही, म्हणून ती कोणत्याच कोटेशनमध्ये सापडत नाही.

कोटेशनमध्ये सापडतो तो खचलेला पाया. ही भीती अलीकडे जोरात विकली जाते, आणि ती बरीचशी आयात मालाची आहे. अमेरिकेत टेक्सससारख्या भागात पुष्कळ घरं जमिनीवरच ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर उभी असतात आणि खाली फुगणारी चिकणमाती असते. तिथे घर जॅकवर उचलून खाली पोलादी खुंट घालणं हा मोठा धंदा आहे, आणि त्या जमिनीला तो शोभतोही. पुण्याच्या पोटात दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यावर मुरूम, आणि मुरमावर कुठे वीतभर, कुठे पुरुषभर काळी माती. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे काळी माती काढून टाकायची आणि कडक मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणत जायचं. ज्यानं ती पाळली त्याचा पाया सहसा हलत नाही. ज्यानं ओढ्याकाठच्या भरावावर, राडारोड्यावर दोन फुटांत पाया उरकला, त्याचं घर कंपनी आली तरी आणि देव आला तरी तक्रार करणारच.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी प्यालं की फुगतं, वाळलं की आकसतं. गंमत अशी, की या ओढाताणीत जड इमारतीपेक्षा हलकं बांधकाम आधी फाटतं, कारण माती दाबून धरण्याइतकं वजन त्याच्यात नसतं. सीमाभिंत, जिन्याची खोली, मागे नंतर वाढवलेलं न्हाणीघर, तुळशीवृंदावनाचा ओटा. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी खाली फुगीर बूड असलेल्या खांबांचा पाया विकसित केला, तो या कारणासाठीच. पण झालेल्या घराचा उपाय याहून पुष्कळ साधा असतो: मातीतलं पाणी कमीजास्त होऊ द्यायचं नाही. पावसाचं पाणी भिंतीपासून लांब न्यायचं, जोत्याभोवती उताराची फरशी करायची, गळकं ड्रेनेज दुरुस्त करायचं, भिंतीला चिकटून वाढलेल्या झाडाचा विचार करायचा.

विश्रांतवाडीत आणखी एक आरोपी हजर असतो. लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई उडालं की तावदानं थरथरतात, त्यामुळे भिंतीची भेगही त्याच्याच नावावर लागते. काच आवाजाच्या दाबानं वाजते; तेवढ्यानं मुरमावरचा पाया खचत नाही. पण हे सभेत बोलून पाहा. विमान दोषी ठरलं की ड्रेनेजचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न आपोआप पुढच्या सभेवर जातो.

टिंगरेनगरमधल्या एका जुन्या बंगल्याची गोष्ट मला जवळून माहीत आहे. उत्तरेकडच्या कोपऱ्यात अशीच पायऱ्यांची तिरकी भेग. एका कंपनीचा प्रतिनिधी आला, मोबाइलवर फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी छापील प्रस्ताव धाडला: चहूबाजूंनी जोत्यात भोकं पाडून दाबानं सिमेंटचं ग्राउट भरायचं, आतून पॉलिमर, बाहेरून कोटिंग, वर दहा वर्षांची गॅरंटी. कुठेही खणून पाहिलेलं नव्हतं. मग धानोरीतला एक गवंडी आला. त्यानं भेगेकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “काका, संडासची लाइन कुठनं गेलीय?” चेंबरचं झाकण उचललं. स्कूटरच्या डिकीतून आठची सळई काढली आणि चेंबरशेजारी मातीत दाबली. मनगटाच्या जोरावर ती हातभर आत गेली. तीच सळई बंगल्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात चार बोटांवर अडली. “हितं पाणी मुरतंय,” एवढंच त्याचं निदान. मालकानं शहाणपणा केला आणि त्या बोलण्यावरही थेट काम सुरू केलं नाही. एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन बोलावलं. त्यानं कोपऱ्यालगत एक खड्डा खणून घेतला, पायाच्या तळाची माती हातानं चोळून पाहिली आणि गवंड्याच्या म्हणण्यावर सही केली. चेंबरचा तळ फुटलेला होता, सिमेंटच्या जुन्या पाइपचा सांधा निसटलेला होता. चेंबर नवं झालं, पीव्हीसीची लाइन पडली, कडेनं फरशी झाली. भेग पावसाळा संपेपर्यंत तशीच ठेवली आणि मग भरली. ज्या पायात ग्राउट दाबायचं होतं त्याला कोणी बोटही लावलं नाही.

यावरून सगळे गवंडी धन्वंतरी असतात असा सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही. पण आपल्या भागात लोकल माणसाचं एक मोल आहे जे बाहेरची कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. धानोरी, कळस, लोहगावकडे गुंठा-अर्धा गुंठा घेऊन बांधलेली घरं गल्लोगल्ली आहेत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे तेहतीस फुटांचा चौकोन. अशा घरांसाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून मिळाली. कागदावर घर नियमित झालं, तरी जमिनीखालचा नकाशा काही त्यामुळे उगवत नाही. आरसीसी ड्रॉइंग नाही, मातीची चाचणी नाही. खड्डा किती खोल घेतला होता, मुरूम लागला होता की भरावावरच सोलिंग टाकलं, मागचा कॉलम फुटिंगवर आहे की नंतर मजला चढवताना नुसता भिंतीतून काढला, हे ठाऊक असतं ते ज्यानं बांधलं त्याला, किंवा त्या गल्लीतली पाच घरं बांधलेल्या त्याच्या मेहुण्याला. इंजिनिअर आला की त्याच्या शेजारी या माणसाला उभं करावं. मशिनपेक्षा लवकर उत्तर मिळतं.

शिवाय ‘कंपनी’ म्हणजे कोण, हेही एकदा बघायला हवं. कोटेशनच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट येतो. कामाच्या दिवशी टेम्पोतून उतरतात ते बहुतेक वेळा उपठेकेदाराच्या मुकादमानं गोळा केलेले मिस्त्री आणि बिगारी. कलबुर्गीचा, विजापूरचा, नांदेडचा, बिहारचा माणूस. सकाळी मजूर अड्ड्यावर उभा असतो तोच. फरक इतकाच, की तुम्ही त्याला थेट लावलं तर पैसे त्याच्या हातात जातात आणि चूक झाली तर त्याचं घर तुम्हाला ठाऊक असतं. मधे दोन हात आले की त्याच्या रोजातून कापलं जातं, आणि कमी रोजावर आलेला माणूस पाणी मारायला दुसऱ्या दिवशी परत येत नाही.

संघटित काम म्हणजे सुरक्षित काम, असंही मानलं जातं. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका मोठ्या गृहसंकुलाची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खोपटांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच आंबेगावला एका शिक्षणसंस्थेची भिंत पडून आणखी सहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या जवळच, येरवड्याच्या शास्त्रीनगरात, मोठ्या इमारतीच्या कामावर सळयांचा सांगाडा कोसळून पाच मजूर दगावले. यांपैकी एकही काम कोणा घरमालकानं चौकातल्या गवंड्याकडून उरकून घेतलेलं नव्हतं. तरी जोखमीची चर्चा निघाली की बोट त्या गवंड्याकडे जातं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

उलट दिशेचा पुरावा याच महाराष्ट्रात आहे आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरची माळवदाची जड छपरं यांनी हजारोंचा जीव घेतला. जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. त्यात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, ठेकेदारांनी आणि संस्थांनी. पण त्याच कार्यक्रमात त्याहून कितीतरी जास्त, दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं ते घरमालकांनी स्वतः, गावच्या गवंड्यांना हाताशी धरून. तांत्रिक सल्ला आणि देखरेख इंजिनिअरची होती, पैसे काम होईल तसे हप्त्यानं मिळत होते. भिंतीच्या आरपार जाणारे दगड कसे बसवायचे, छपराखाली भिंतींना बांधणारा पट्टा कसा घालायचा, हे गवंड्यांना शिकवलं गेलं. लोकल हात आणि वेगळं निदान यांची जोडी मोठ्या प्रमाणावर चालते का, या शंकेचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा. लोकल गवंडी कधीकधी जीव घेतो, हे खरं आहे. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये चारमजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात खांबांना हात लावला गेला, असा आरोप होता. पण खांब तोडायचं कोणाच्या मनात येतं? बिगाऱ्याच्या नाही. तळमजल्यावर दुकान काढायचंय, हॉल मोठा करायचाय, गाडी आत घ्यायचीय, हे मालकाचं स्वप्न असतं. गवंडी ‘नाही’ म्हणाला तर मालक दुसरा शोधतो. विटांवर तोललेल्या घरात भिंत म्हणजेच खांब असतो, हे ठाऊक असून ‘भिंतच तर आहे’ म्हणणारे सुशिक्षित लोक मी आपल्याच भागात पाहिले आहेत. अशा मालकाला कंपनी वाचवत नाही आणि गवंडीही वाचवत नाही.

काही कामं मात्र साध्या गवंड्याला देऊच नयेत, ते मी विनातक्रार मान्य करतो. गंजलेल्या कॉलमला जॅकेट घालणं हे त्यातलं एक: आधी वरचा भार टेकूंवर घ्यायचा, सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढायचं, सळई घासून लेप द्यायचा, मग मायक्रोकाँक्रीट. नुसतं वरून सिमेंट थोपलं तर गंज आत सुखानं वाढत राहतो. दुसरं काम पायाखाली पाया घालण्याचं. भिंतीखालची माती सलग काढायचीच नसते. मीटरभराचा एक तुकडा खणायचा, भरायचा, घट्ट होऊ द्यायचा, मग मधला टप्पा सोडून पुढचा. घाईत सलग चर मारणारा माणूस त्या चरातच गाडला जातो. इथे अनुभवी टोळी आणि जागेवर उभा राहणारा इंजिनिअर, दोन्ही पाहिजेत.

गवंड्याच्या रोजच्या खोडीही काही लपलेल्या नाहीत. बाहेरच्या प्लास्टरला एकास चार ठरलेलं असताना क्रश सँडची घमेली मोजायचीच नाहीत. माल पातळ हवा म्हणून पाणी ओतत राहायचं. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी हा काँक्रीटचा हिशेब त्याला सांगितला की तो हसतो. यावर उपाय देखरेख आहे, आणि देखरेख कंपनीच्या कामावरही तुम्हालाच करावी लागते, कारण तिचा सुपरवायझर दिवसाला चार साइट फिरतो.

बाकी राहिला कागद. जीएसटीचं बिल नाही म्हणजे माणूस बनावट, हा समज चुकीचा आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला नोंदणीची सक्तीच नाही. साधी सही केलेली पावती आणि कामाची यादी मात्र घ्यायलाच हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून स्पष्ट नोंदलेली आहे, आणि जिल्हा आयोगापुढे पैसे दिल्याचा पुरावा लागतो. उक्तं काम दिलं असेल तर माल कोणाचा, ब्रास कसा मोजणार, राडारोडा कोण उचलणार, हे त्याच कागदावर. फ्लॅट नवा असेल तर गवंडी आणि कंपनी दोघांच्याही आधी बिल्डर गाठावा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेतला दोष निघाला तर रेरा कायद्याच्या १४(३) प्रमाणे तो बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा असतो. आणि इमारत ३० वर्षांपुढची असेल, तर महापालिका अधिनियमाचं २६५-अ कलम तपासणीचं काम ठेकेदाराकडे सोपवत नाही. ते पालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जातं, त्यानं सुचवलेली दुरुस्ती नंतर होते. निदान आणि इलाज वेगळे ठेवा, हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. कायद्यानंच तशी घडी घातली आहे.

शेवटी गॅरंटी. दहा वर्षांच्या त्या कागदाची मागची बाजू वाचावी. संरचनेच्या हालचालीमुळे आलेल्या भेगा वगळून, इतरांच्या प्लंबिंगमुळे आलेली ओल वगळून, मालकानं नंतर काही बदल केला तर रद्द. भेगा आणि ओल यांची जी खरी कारणं, तीच बहुधा वगळलेली असतात. लोकल माणसाकडे असा कागद नसतो, पण सरकारी कामांत वर्षानुवर्षं चालत आलेली एक पद्धत त्याला लावता येते: बिलातली थोडी रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवायची. दहा टक्के बाजूला, एक पूर्ण पावसाळा गेल्यावर द्यायचे, हे काम देतानाच ठरवायचं, आणि कोरडं राहिलं तर मागायला न लावता द्यायचे. बरेच गवंडी कुरकुरत का होईना, हो म्हणतात, कारण पुढचं काम याच गल्लीत मिळणार असतं. हीच अट कंपनीच्या प्रतिनिधीपुढे ठेवून पाहा. तो टॅब्लेट मिटतो आणि वरच्यांना विचारून सांगतो म्हणतो.